वाचतां न येणें म्हणजे काय?

गेल्या जून महिन्यांत शाळा सुरू होऊन पुरता आठवडाहि लोटला नव्हता, तोंच मधल्या सुटींत एक बाई शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा मुलगा नुकताच आमच्या शाळेंत पांचवीच्या वर्गांत दाखल झाला होता. “सर, पोराला वाचतां येत नाहीं,” एवढेंच त्या म्हणाल्या. व थोडें थांबून, “तुम्ही दहावीला मराठी शिकवितां, तुम्हांला हें अवघड नाहीं,” अशी त्यांनीं पुस्ती जोडली. महाराष्ट्रांत २०२३-२४ या वर्षापासून पांचवीच्या अखेरीस वार्षिक परीक्षा पुन्हां सुरू झाली आहे. तींत व तिच्यामागून होणाऱ्या फेरपरीक्षेंत जो उतरणार नाहीं त्यास त्याच वर्गांत ठेवतां येतें. तसें झाल्यास मुलास शाळेंतून काढून मामाच्या गॅरेजांत कामास लावावयाचें, असें त्याच्या वडिलांनीं ठरविलें होतें. बाईंनीं हें सांगितलें तें रडत नव्हे, तर बाजारभाव सांगावा तसें. आणि म्हणूनच तें आमच्या मनास अधिक लागलें.

आम्हीं होकार दिला. शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास, ग्रंथालयाच्या खोलींत बसावयाचें ठरलें. होकार देतांना आमच्या मनांत काय होतें तें प्रामाणिकपणें सांगणें या लेखाच्या विषयाच्या दृष्टीनें जरूर आहे. वीस वर्षें आम्ही वरच्या वर्गांस मराठी शिकवीत आहों. तेव्हां पांचवीच्या पोराकडून चार ओळी वाचवून घेणें हा आमच्या डाव्या हातचा मळ, अशी आमची समजूत होती. मुलगा आळशी असला पाहिजे, हें तर आम्हीं त्यास पाहण्यापूर्वींच ठरवून टाकलें होतें. त्याची आई एस. टी. स्थानकाबाहेर वडापावची गाडी लावते, घरीं पुस्तक नाहीं, वर्तमानपत्र नाहीं, हें कळल्यावर आमच्या मनांतील चित्र पुरें झालें. ज्या घरीं पुस्तक नाहीं त्या घरच्या मुलास अक्षराची गोडी कोठून असणार? आणि आणखी एक समजूत याहूनहि खोल होती. तिचा पत्ता आम्हांस पुष्कळ उशीरां लागला. ज्यास वाचतां येत नाहीं त्यास विचारहि बेताचाच करतां येत असणार, असें आम्ही न बोलतां धरून चाललों होतों.

पहिल्या दिवशीं आम्हीं त्याच्यापुढें चौथीच्या पुस्तकांतील एक धडा ठेवला. त्यानें तो घडाघडा वाचला. आवाज स्वच्छ, विराम जागच्या जागीं. आईचा कांहीं गैरसमज झाला असावा असें मनांत म्हणत आम्ही पान उलटणार, तोंच आमच्या ध्यानांत आलें कीं मुलाची नजर दुसऱ्या परिच्छेदावर आहे आणि तोंडानें तिसरा चालला आहे. आम्हीं मधल्याच एका ओळीवर बोट ठेवून “येथून वाच” म्हटलें. तेव्हां तो गप्प झाला. त्याच्या थोरल्या बहिणीनें तो धडा गेल्या वर्षीं त्यास वाचून दाखविला होता आणि त्यानें तो सबंध पाठ केला होता. आम्हीं याला लबाडी म्हटलें. मनांत नव्हे, तोंडावर म्हटलें. आणि त्या बहिणीस निरोप धाडला कीं यापुढें त्यास कांहींएक वाचून दाखवूं नये. दोन पानांचा धडा केवळ कानांनीं ऐकून पाठ करावयास किती श्रम पडतात, आणि जो मुलगा असे श्रम करतो त्यास आळशी कसें म्हणावें, हा साधा प्रश्न त्या दिवशीं आम्हांस सुचला नाहीं.

पुढले तीन आठवडे आम्हीं जें केलें त्यास आम्ही शिकवणी म्हणत होतों. मुलगा एक शब्द वाची, चुके, आणि आम्ही लगेच बरोबर शब्द सांगत असूं. तो पुढच्या शब्दास अडखळे, आम्ही तोहि सांगत असूं. होतां होतां असें झालें कीं अडखळल्याबरोबर तो पुस्तकाकडे न पाहतां आमच्या तोंडाकडे पाही. वाचन आम्हीच करीत होतों. तो केवळ प्रतिध्वनीचें काम करी. एके सायंकाळीं ‘दिवस’ हा शब्द त्यानें चौथ्यांदां ‘दवस’ असा वाचला, तेव्हां “एवढा घोडा झालास आणि पहिलीतलें अक्षर येत नाहीं!” असें आमच्या तोंडून गेलें. सहावीच्या दोन मुली पुस्तकें बदलावयास आल्या होत्या, त्या हंसल्या. दुसऱ्या दिवशीं मुलगा आला नाहीं. तिसऱ्या दिवशींहि नाहीं. पांचव्या दिवशीं त्याच्या आई आल्या, आणि उलट त्यांनींच आमची माफी मागितली. “रागावा सर, तुमचा हक्कच आहे. पण त्यानें दप्तर माळ्यावर टाकलंय, आणि गॅरेजांत कधीं यायचं तें मामाला विचारतोय.”

त्या रात्रीं आम्हांस प्रथमच एक गोष्ट उमगली, ती अशी कीं, आम्हीं उभ्या जन्मांत कोणासहि वाचावयास शिकविलेलें नाहीं. आमच्या वर्गांत येणारीं मुलें वाचावयास शिकूनच आलेलीं असत. तें काम खालच्या वर्गांच्या बाईंनीं, कोणाच्या आईनें, कोणाच्या आजीनें आधींच केलेलें असे, आणि आम्ही त्या तयार पायावर अलंकारांचे व वृत्तांचे मजले चढवीत होतों. जीं मुलें वाचावयास न शिकतां वर येत तीं मागच्या बाकावर बसत. त्यांस आम्हीं वीस वर्षें ‘लक्ष नसलेलीं मुलें’ या नांवानें ओळखलें होतें. अशीं मुलें थोडीं नाहींत. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकारानें २००५ पासून ग्रामीण भागांतील मुलांच्या वाचनाची ‘असर’ नांवाची पाहणी होत आली आहे. तिच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणें देशांतील तिसरीच्या १०० मुलांपैकीं सुमारें २० मुलांसच दुसरीच्या तोडीचा उतारा वाचतां आला. २०१८ सालीं ही संख्या २७ होती. आमच्या मागच्या बाकाचा असल्या आंकड्यांशीं कांहीं संबंध आहे, असें आम्हांस पूर्वीं कधीं वाटलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही त्याच्या घरीं गेलों व त्याची माफी मागितली. विद्यार्थ्याची माफी मागण्याचा आम्हांस सराव नसल्यामुळें तें फारसें चांगलें साधलें नाहीं; पण मुलगा माळ्यावरून दप्तर काढून घेऊन आला. मग आम्हीं एक करार केला. आठवडाभर त्यानें वाचावें. आम्ही एकहि चूक दुरुस्त करणार नाहीं, केवळ वहींत टिपून ठेवूं. “कांहींच बोलणार नाहीं?” त्यानें विचारलें. “कांहींच नाहीं.” हें वचन पाळणें आम्हांस किती जड गेलें तें काय सांगावें! मेरी बड रो नांवाच्या अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञ बाईंनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दाखविलें आहे कीं, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरीनें एक सेकंदभर थांबतात आणि मग स्वतःच बोलूं लागतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांचीं उत्तरें अधिक लांब व अधिक विचारपूर्वक येतात. आम्हीं घड्याळ पुढें ठेवून पाहिलें. आमची सहनशक्ति एका सेकंदाचीहि नव्हती. तेव्हांपासून मनांत पांचपर्यंत अंक मोजल्यावांचून तोंड उघडावयाचें नाहीं असा आम्हीं नेम केला, व तो मुलासहि सांगून ठेवला. नाहीं तर आमचे हलणारे ओठ पाहून त्यास हंसूं आलें असतें.

आठवड्याच्या शेवटीं वहींत १०० हून अधिक चुका जमल्या. हा मुलगा वाटेल तेथें, वाटेल तशा चुका करतो, असें आम्ही समजत होतों. तसें मुळींच नव्हतें. घर, मगर, शाळा, काका अशा सरळ शब्दांत त्याची चूक क्वचितच होई. चुका होण्याचीं ठिकाणें ठरलेलीं होतीं, आणि बहुतेक ठिकाणीं अडचण आपल्या लिपीच्या घडणींतच होती.

देवनागरी लिपि मोठी शास्त्रशुद्ध, जसें बोलावें तसेंच तींत लिहावें, असें आम्ही वर्गांत अभिमानानें सांगत आलों आहों. तें पुष्कळ अंशीं खरेंहि आहे. परंतु जो तिला नव्यानें शिकत आहे त्याच्या बाजूनें एकदां तिच्याकडे पाहावें. इंग्रजी शिकणाऱ्या मुलापुढें २६ अक्षरें असतात. अर्थात् त्यांच्या स्पेलिंगांचा जाच निराळाच. आपल्या मुलापुढें ३४ व्यंजनें, आणि प्रत्येकाची बाराखडी. म्हणजे ४०८ रूपें झालीं. जोडाक्षरें त्यांवर आणखी. कन्नड लिपीचीहि घडण अशीच आहे. ती शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास सोनाली नाग यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत असें दिसून आलें कीं, अक्षरांचें पुरें ज्ञान पहिल्या एकदोन वर्षांत होत नसून तें शिकणें पुढील इयत्तांतहि चालूच राहतें. आम्ही मात्र पहिलींत बाराखडी झाली म्हणजे वाचन झालें, असा हिशेब धरून बसलों होतों.

आतां तो ‘दिवस’ घ्या. त्यांतील वेलांटी डोळ्यांस आधीं दिसते, आणि जिभेनें मात्र ती द च्या मागून उच्चारावयाची. डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या वाचकानें येथें एक पाऊल मागें घ्यावयाचें असतें. आम्हांस तें पाऊल जाणवतहि नाहीं, इतका त्याचा सराव झाला आहे. देवनागरी शब्दांच्या वाचनाविषयीं ज्योत्स्ना वैद व आशुम गुप्ता यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, अशा ऱ्हस्व वेलांटीच्या शब्दांस वाचतांना अधिक वेळ लागतो असें आढळलें. आमच्या विद्यार्थ्यास वेलांटी दिसत होती. ती कोणत्या अक्षराची, हें त्यास ठरवितां येत नव्हतें, म्हणून तो तिला सोडून देई.

आणि र! सबंध वर्णमालेंत याच्याइतकें बहुरूपी अक्षर दुसरें नसेल. ‘मार्ग’ या शब्दांत तो ग च्या डोक्यावर चढून बसतो, पण उच्चार करावयाचा ग च्या आधीं. ‘प्रवास’ मध्यें तो प च्या पायाशीं तिरपी रेघ होऊन राहतो. ‘राष्ट्र’ मध्यें तोच ट च्या खालीं काकपदासारखा दिसतो. ‘कऱ्हाड’, ‘सुऱ्या’, ‘दऱ्या’ अशा शब्दांत तो अर्धा होऊन आडवा पडतो. आमचा विद्यार्थी ‘पर्वत’ ला ‘पवर्त’ म्हणे. डोळ्यांस जसें दिसतें तसें वाचावयाचें म्हटलें तर ‘पवर्त’ च व्हावयास हवें. चूक शोधावयाची तर ती कोणाची म्हणावी?

बाकीच्या अडचणी थोडक्यांत सांगतों. अनुस्वाराचें टिंब एकच, पण अंग, पंच, अंत, आंबा यांत त्याचा उच्चार चार तऱ्हांचा. ‘चार’ मधला च निराळा, ‘चाक’ मधला निराळा; येथें लिपि कांहींच सांगत नाहीं, शब्द आधीं कानांस ठाऊक असेल तरच तो नीट वाचतां येतो. मराठी ल व श यांचें वळण हिंदीहून वेगळें आहे, आणि शासनानें २००९ सालीं तें मराठीसाठीं ठरवूनहि दिलें. पण पाट्यांवर व फोनच्या पडद्यावर पुष्कळदां हिंदी वळणच दिसतें, आणि मुलास एका अक्षराचीं दोन रूपें शिकावीं लागतात.

वहींतील एक नोंद मात्र निराळी होती, आणि तिनेंच आम्हांस सर्वांत अधिक शिकविलें. ‘आजीनें दार उघडलें’ असें पुस्तकांत होतें. मुलानें वाचलें, ‘आजीनें दरवाजा उघडला’. आमच्या जुन्या हिशेबानें या दोन चुका झाल्या. पण पाहा, दार नपुंसकलिंगी, दरवाजा पुल्लिंगी. शब्द बदलल्याबरोबर त्यानें क्रियापदहि बदललें. ज्याच्या डोक्यांत अर्थ व व्याकरण हीं दोन्ही जागीं आहेत त्यालाच अशी चूक करतां येते. दहावीच्या वर्गांत निबंधांतून लिंगाच्या चुका खोडतां खोडतां आमची लेखणी झिजली आहे, आणि हा अकरा वर्षांचा पोर अडखळत वाचतांना वाक्य मनांत जुळवून घेत होता. ज्यास वाचतां येत नाहीं त्यास विचार करतां येत नाहीं, ही आमची समजूत त्या एका ओळीपाशीं संपली.

यानंतर तरी आम्हीं शहाणपणानें वागावयास हवें होतें. पण एक घाई सुटते न सुटते तों माणूस दुसरी करतो. याच सुमारास इंग्लंडांतील सीफर्ड येथील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनीं १८९६ सालीं प्रसिद्ध केलेली एक हकीकत आमच्या वाचनांत आली. पर्सी नांवाचा १४ वर्षांचा मुलगा. चलाख, खेळांत इतरांच्या बरोबरीचा, आंकडे झरझर वाचणारा. पण सात वर्षें शिकवूनहि त्यास शब्द वाचतां येईना. स्वतःचें नांवसुद्धां त्यानें एकदां पर्सीऐवजीं ‘प्रेसी’ असें लिहिलें. शिक्षण सर्व तोंडी असतें तर हा मुलगा शाळेंत पहिला आला असता, असें त्याच्या शिक्षकाचें मत होतें. या अडचणीस आज डिस्लेक्सिया म्हणतात. हा डोळ्यांचा दोष नव्हे. ध्वनि व अक्षर यांची सांगड घालतांना मेंदूस पडणारी ही अडचण असून बुद्धीच्या कमीअधिकपणाशीं तिचा संबंध नाहीं, आणि पुष्कळदां ती एकाच कुटुंबांत अनेकांस असते. मुंबईंत १९९६ पासून महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन या संस्थेनें यासंबंधीं काम चालविलें आहे. पुढें २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांत अशा अडचणींची गणना झाली. दहावीच्या परीक्षेंत या मुलांस अधिक वेळ वगैरे सवलतीहि मिळतात.

पर्सीचा ‘प्रेसी’ आणि आमच्या विद्यार्थ्याचा ‘पवर्त’! आम्हांस वाटलें, कोडें सुटलें. आम्हीं लागलीच त्याच्या आईंस बोलावून सांगितलें कीं तुमच्या मुलास डिस्लेक्सिया आहे. त्यांनीं तो शब्द एकदोनदां उच्चारून पाहिला आणि हळूच विचारलें, “म्हणजे आतां तो शिकणारच नाहीं?” ‘आळशी’ हा शिक्का पुसून आम्हीं दुसरा मारला होता, एवढेंच. पुढें त्याचे डोळे व कान तपासून घेतले; तें खरें म्हणजे पहिल्या आठवड्यांतच व्हावयास हवें होतें. दोन्ही निर्दोष निघाले. ज्या तज्ज्ञ बाईंकडे आम्ही गेलों त्यांनीं शांतपणें समजावून सांगितलें कीं, अशी परीक्षा एका बैठकींत होत नाहीं, आणि ज्यास पायरीपायरीनें वाचन कधीं शिकविलेंच गेलें नाहीं त्याच्या अडचणीस घाईनें नांव देऊं नये. आधीं कांहीं महिने नीट शिकवा, मग त्यास घेऊन या. आमच्या हातून शिकविणें झालेंच नव्हतें, हें यावेळीं दुसऱ्याच्या तोंडून ऐकावें लागलें.

गणपतीच्या सुटींत आम्ही कोल्हापुरास जाण्यासाठीं एस. टी. स्थानकावर गेलों होतों. गर्दी पुष्कळ. खांबाच्या पलीकडून ओळखीचा आवाज आला. एक म्हातारी हातांत बोचकें घेऊन विचारीत होती, “बाळा, महाबळेश्वरची हीच का रे?” आणि आमचा विद्यार्थी गाडीच्या पाटीकडे मान वर करून सांगत होता, “नाहीं आजी, ही श्रीवर्धन. तुमची तिकडं, पलीकडच्या फलाटाला.” आम्ही जागच्या जागीं उभे राहिलों. ज्यास ‘दिवस’ वाचतां येत नव्हता तो ‘श्रीवर्धन’ वाचीत होता! त्यांत श्र आहे, रफार आहे, ध आहे. आम्हीं पुढें होऊन त्यास विचारलें, “तुला हें वाचतां येतें?” तो गोंधळला. “हें वाचणं नाहीं सर,” तो म्हणाला, “ही पाटी आहे.”

पुस्तकांत असतें तेंच वाचन, ही आमची समजूत त्या मुलानेंहि खरी मानली होती. ती त्यास आमच्यासारख्यांनींच दिली असली पाहिजे. आम्हीं एका कागदाच्या पाठीमागें ‘श्वास’ हा शब्द लिहून त्याच्यापुढें धरला. त्यानें कागदाकडे पाहिलें, महाबळेश्वरच्या पाटीकडे पाहिलें, पुन्हां कागदाकडे पाहिलें. आम्हीं मनांत पांचपर्यंत मोजलें, आणि वर आणखी पांच. “श्वा... श्वास!” कोल्हापूरची गाडी त्या दिवशीं आमची चुकली. त्यास सगळ्या पाट्या अक्षरें पाहूनच ओळखतां येत होत्या असें मात्र नव्हे. कांहीं तो फलाटावरून व वेळेवरून ओळखी, हें पुढें कळलें. पण निम्म्याहून अधिक खऱ्याच वाचलेल्या होत्या.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं बोर्डी व कोसबाड येथें शाळा मुलांच्या अंगणांत नेली, गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं ती कुरणांत नेली, हें आम्हीं वर्गांत कितीदां तरी सांगितलें आहे. अनुताईंचें ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हें पुस्तक आम्ही ज्या खोलींत शिकवणी घेत होतों त्याच खोलींत, आमच्या पाठीमागच्या कपाटांत होतें.

तेथून पुढें आमचें क्रमिक पुस्तक म्हणजे एस. टी. स्थानक झालें. र चीं चारहि रूपें तेथें आयतीं मिळालीं: ‘मार्ग’, ‘प्रवासी’, ‘महाराष्ट्र’ आणि ‘कऱ्हाड’. ऱ्हस्व वेलांटीसाठीं ‘चिपळूण’ आणि ‘हिरकणी कक्ष’. ‘रत्नागिरी’ वरून रत्न व प्रयत्न. ‘अक्कलकोट’ वरून शक्कल व टक्कल. ‘स्वारगेट’ वरून स्वर व स्वाद. एका आठवड्यास एकच रूप घ्यावयाचें, त्याची पुठ्ठ्याची चिठ्ठी करावयाची, आणि त्या रूपाचे शब्द मुलानें गांवांत शोधून आणावयाचे, असा क्रम ठेवला. पण चिठ्ठी हातीं देण्यापूर्वीं पुस्तक मिटून कानांचा खेळ होई. ‘मनोहर’ या शब्दांत टाळ्या किती? ‘मार्ग’ सावकाश म्हण. र आधीं ऐकूं येतो कीं ग? हा खेळ आम्हांस आरंभीं पोरकट वाटला होता. परंतु ज्याच्या कानांत शब्दाचे तुकडे वेगळे पडत नाहींत त्याच्या डोळ्यांपुढें कितीहि वेळ अक्षरें धरलीं तरी तीं मुकींच राहतात. रफाराच्या आठवड्यांत मुलगा बराच वेळ ‘मार्ग’ कडे पाहत बसला आणि म्हणाला, “हा र बसतो मागच्या सीटवर, पण उतरतो पहिला.” व्याकरणाच्या कोणत्याहि पुस्तकांत रफाराची याहून सुबोध व्याख्या आमच्या पाहण्यांत नाहीं.

पालकांच्या माहितीसाठीं दोन गोष्टी नमूद करतों. एकच लहान उतारा तीनचार दिवस पुन्हां पुन्हां वाचण्यांत वेळ फुकट जातो, असें आम्हांस वाटे. उलट, त्यामुळेंच मुलाची जीभ मोकळी होते, आणि आपणहि सराइतासारखें वाचूं शकतों हें त्यास प्रथम कळतें. आजचा धडा आजच संपविण्याचा आग्रह आपल्या समाधानासाठीं असतो. दुसरें, थोरल्या बहिणीस वाचून दाखविण्याची केलेली मनाई आम्हीं मागें घेतली. आमच्या सर्व चुकांत ती फार वाईट होती. ज्यास स्वतः वाचतां येत नाहीं त्याच्या कानांवर जर गोष्टीहि पडल्या नाहींत, तर नवे शब्द त्यास मिळावे कोठून? आतां ती रोज रात्रीं पंधरा मिनिटें त्यास वाचून दाखविते, आणि शेवटली ओळ तो वाचतो. पाहुण्यांपुढें मात्र मुलास उभें करून “वाचून दाखव” असें सांगूं नये. आम्हीं तें दोन मुलींपुढें करून पाहिलेलें आहे.

जुलै महिन्यांत हा मुलगा न पाहिलेल्या उताऱ्यांतील १४ शब्द एका मिनिटांत बरोबर वाची. फेब्रुवारींत तो ४६ वर आला. त्याच्या वयाच्या मानानें हें अजून थोडेंच आहे. घाईंत असला म्हणजे तो आजहि वेलांटी सोडतो. त्याची रीतसर परीक्षा मे महिन्यांत व्हावयाची आहे. अडचणीस काय नांव पडतें तें तेव्हां कळेल. शाळेची वार्षिक परीक्षा एप्रिलांत आहे. गॅरेजाचा विचार वडिलांनीं सोडला आहे असें कोणी आम्हांस सांगितलेलें नाहीं. जानेवारींत एके दिवशीं ते ग्रंथालयाच्या दारांत येऊन उभे राहिले, मुलाचें एक पानभर वाचन ऐकलें आणि कांहीं न बोलतां निघून गेले.

गेल्या आठवड्यांत आम्ही दोघे पुन्हां स्थानकावर शब्द शोधावयास गेलों होतों. इतक्यांत कर्नाटकाची एक गाडी येऊन थांबली. तिच्या कपाळावरची पाटी सगळी कन्नडांत होती. “सर, यावर काय लिहिलंय?” मुलानें विचारलें. आम्ही पाटीकडे पाहूं लागलों. तीं गोल गोल अक्षरें आमच्यापुढें नुसतीं उभीं होतीं. त्यांतलें एकहि बोलेना. पाठीमागें माणसें थांबलीं होतीं, आणि आमचे कान तापल्यासारखे झाले. आम्हीं बाजूस पाहिलें. मुलगा आमच्या तोंडाकडे न पाहतां पाटीकडे पाहत होता, आणि त्याचे ओठ हलत होते. पांचपर्यंत मोजून झाल्यावर तो हळूच म्हणाला, “बेळगांव, सर.”